धन आणि ऋण

बंदरातल्या क्रेनची वीज चौतीस वर्षं सांभाळून
व्हितेनिस घरी बसला,
पण त्याचे हात काही बसले नाहीत.
टोस्टर झाला, जिन्यातली बेल झाली,
माझा दमेकरी हेअर-ड्रायर झाला,
मग नजर गेली स्पीकरच्या वायरीकडे.

साधी जोडवायर. वरून पारदर्शक, आत तांबं,
टोकांशी हिरवट पडलेलं,
कार्पेटखालून गेलेली, तिच्यावर खुर्चीचा एक पाय.
अकरा वर्षं तिनं तक्रार केली नव्हती.
"वाजतंय की," दांगुओले म्हणाली.
वाजणं वेगळं, ऐकू येणं वेगळं, तो म्हणाला.
दुकानात हा फरक मीटरला चाळीस युरो पडतो,
आपण तो भंगारातून काढू.

भंगारातून आली नेटवर्कची केबल, निळ्या कातडीची.
सोलली. आत आठ बारीक तारा,
जोडीजोडीनं एकमेकींना बिलगलेल्या.
त्यानं बातम्या बघत चार पदरी वेणी घातली.
मुलीची कधी घातली नव्हती,
तेव्हा पहाटेची पाळी असायची.
दांगुओलेनं दोनदा उसवायला लावली:
"इथं सैल. इथं गळा आवळलास."

मग राळ.
तापल्या टोकाला लागताच खोलीत पाइनचं रान.
हीच राळ, फार जुनी झालेली,
वादळानंतर समुद्र आमच्या वाळूवर आणून टाकतो
मधाच्या खड्यांसारखी, शेवाळात गुंतलेली.
दांगुओलेच्या कानांत तसे दोन तृणमणी आहेत,
स्वेटरवर घासले तर कागदाचा कपटा उचलतात.
वीज इथं आधी कानात होती,
क्रेनमध्ये नंतर आली.

जुनी वायर काढायला तो कपाटामागे शिरला
आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

डाव्या स्पीकरला लालच्या जागी काळं.
काळ्याच्या जागी लाल.
धनाला ऋण, ऋणाला धन,
अकरा वर्षं,
आणि जोडलं कोणी? त्यानंच,
ज्याच्या सहीशिवाय चाळीस टनांचा हूक हलत नसे.
एक पडदा पुढे आला की दुसरा मागे,
दारात अडकलेल्या दोन सभ्य माणसांसारखे,
आधी तुम्ही, छे, आधी तुम्ही,
आणि त्या आर्जवात बास विरून जायचा.

नवी वेणी लागली. लालला लाल.
तबकडी तीच ठेवली.
बाई गायला लागली आणि उभी राहिली
बरोबर मध्ये, दिव्याखाली,
दोन्ही पाय जमिनीवर.
तिच्यामागे बासला पोट सुटलं.
व्हितेनिस खुर्चीत, हात मांडीवर,
शाळेत नाव पुकारलेल्या मुलासारखा.

दांगुओले आली. बोटं बीटानं लाल.
उंबऱ्यात उभी राहून एक बाजू पूर्ण ऐकली.
"छान," म्हणाली.
आणि मग, सुरी पुसता पुसता,
"आधी ती कुठंच नव्हती ना,
म्हणून माझ्याकडेही असायची.
फ्रिजपाशी. सिंकपाशी.
आता तिथं मी एकटीच."

हे मोजायचं मीटर नसतं.
त्यानं तरी पेटी उघडून पाहिली
(हे तिनंच मला जिन्यात सांगितलं,
हसत होती, पण पूर्ण नाही).

मी खालच्या मजल्यावर.
गाणारी बाई माझ्यापर्यंत पोचत नाही,
फक्त बास, छतातून, तोही या उन्हाळ्यापासून.
पण शनिवारी, साडेअकराच्या सुमारास,
वरून बीट उकडल्याचा वास आला
की खुर्ची सरकते,
कपाट कण्हतं,
कुणीतरी एक गुडघा टेकवतं, मग दुसरा,

आणि बास नाहीसा होतो
जेवणं होईपर्यंत.