माशी

निकाल लागून तीन महिने उलटले
तेव्हा वेल्ह्याच्या ठाण्यातून बंदूक परत मिळाली.
हवालदारानं रजिस्टरात बोट फिरवलं,
"रेणुसे दीपमाला महादू. ठासणीची, एकनळी."
माझ्याकडं पाहिलं, मग परवान्याकडं,
मग पुन्हा माझ्याकडं.
दादांच्या जागी माझं नाव, शाई अजून ओली वाटत होती.

भोसरीत मी लेथवर असते.
भोक किती मोठं ते बोट घालून सांगते, मायक्रोमीटर नंतर लावते.
पण गंज धरलेली ही चार फुटी नळी
गेनबा भुरुकांनी माझ्या हाती न देता
आधी आपल्या नाकाशी नेली.
"शिळी दारू. तुझ्या बापानं शेवटचा बार काढला
आन् तशीच टांगली."
दादांनी कधी तशी टांगली नव्हती.
म्हणजे त्या रात्रीच छातीत दुखत होतं त्यांच्या.
आम्हाला कळलं दोन दिवसांनी.

गज आत सोड, बाहेर धरून माप,
भरलेली तर नाही ना, बघ.
मग पाणी. उकळतं.
चिंधी जुन्या धोतराची, टेरिकॉट नको, ते नुसतं घसरतं.
पहिलं पाणी काजळीसारखं आलं,
दुसरं गंजाचं, तांबूस,
सातवं निवळलं.
नळी इतकी तापली की फडक्याशिवाय धरवेना,
आणि आपली आपण वाळली.
वर खोबरेल, एका बोटाचं.
"भाकरी न्हाई चोपडायची."

शनिवारी स्वारगेटहून शेवटची एसटी,
रविवारी ओढ्यापलीकडची दरड.
मापानं दारू, काथ्या, ठास.
गोळी, काथ्या, ठास.
तोंड नळीवरून बाजूला, दर वेळी, दर वेळी.
केप सगळ्यात शेवटी.
"केप बसली की तू एकटी. तितं मी न्हाई,
तुझा बाप बी न्हाई."

बियाण्याच्या रिकाम्या पिशवीवर कोळशाचा गोल.
पहिली वीतभर डावीकडं.
दुसरी तिथंच. तिसरीही.
तिन्ही भोकं एका तळव्याखाली झाकली.
"मग मी नेम उजवीकडं धरू?"
"न्हाई. एकाच जागी पडतीया ती चूक न्हवं, सवय हाय.
माशी सरकव."
"उजवीकडं?"
"डावीकडं. जिकडं चुकतीय, तिकडंच."

अकरा वर्षं मी चूक उलट्या अंगानं छाटत आले.
मातीत काडीनं रेघा ओढल्या, डोळा, खाच, माशी, गोल,
दोनदा पुसल्या.
म्हातारा बरोबर होता,
आणि मोतीबिंदूमुळं त्याला
गोलसुद्धा दिसत नव्हता.
मधे पितळेचा तुकडा धरून हातोडीची एक टिचकी.
केसभर.
चौथी गोळी कोळशाच्या कडेला लागली.
मी ओरडले. गेनबा तंबाखू मळत होते.

आश्विनात इंद्रायणी दुधात आली.
वनखात्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पोलक्याच्या आत.
माळ्यावर तिसरी रात्र.
आधी आवाज आला: चिखल चघळल्यासारखा,
कुणीतरी घाईत जेवत असल्यासारखा.
मग बांधावर अंधाराचा अधिक काळा तुकडा.
खाच. माशी. कानामागची जागा.
चाप ओढला, केप फुटली,
आणि नळी एक क्षणभर विचार करत राहिली.

त्या क्षणात मी हलले नाही,
एवढंच मला सांगता येईल.

मग धूर. इतका
की आपण काय केलं ते आपल्यालाच दिसेना.
खाली काहीतरी पाय झाडत होतं,
मग कमी झाडत होतं.

काठी टेकत गेनबा आले.
जनावराकडं वळलेच नाहीत.
नळीवर हात ठेवला, गरम होती.
"पाणी ठेवलंस?"

पंचनामा सकाळी सातला.
रात्रीच्या दोनला मी चूल पेटवली.
पहिलं पाणी काजळीसारखं.
दुसरं ओतताना हात थरथरला,
पायावर सांडलं, चटका बसला.
तिसरं ओतलं.