गुलाबी समन्स

बिअर एकच, तीही अर्धी,
आणि पायरी आमच्याच बिल्डिंगची.
पाकीट वर, चौथ्या मजल्यावर राहिलेलं,
म्हणून नावाला पुरावा नाही,
म्हणून बेड्या.

बाबा पहाटे परतले, मनगटं चोळत.
हातातला गुलाबी कागद आईने फ्रिजवर लावला,
अननसाच्या मॅग्नेटखाली,
माझ्या दातांच्या डॉक्टरच्या तारखेशेजारी.
तारीख चुकली की वॉरंट,
एवढं मीच वाचून दाखवलं.

आदल्या रात्री ते नखांतलं छपराचं डांबर
लिंबाने घासत बसले.
निघेना.

ब्रॉन्क्सच्या कोर्टात तीन तास बाकावर.
तिकडे शाळेत माझा गणिताचा पेपर
सुरू होऊन संपलासुद्धा.
क्लार्कने पुकारलं : ओस्काल्डो गुमन!
कुणी उठेना.
ओस्काल्डो गुमन!
मी बाबांना कोपराने ढोसलं.
"मी ओस्वाल्दो ग्वामान," ते पुटपुटले,
"हा कुणी दुसरा असेल."
"आज तुम्हीच आहात," मी म्हटलं. "उठा."

न्यायाधीशबाईंनी चाळीस सेकंद घेतले.
सहा महिने नीट वागा,
केस आपोआप मिटेल.
दुभाषा होता, तरी बाबा माझ्याच तोंडाकडे बघत होते,
हात पाठीमागे बांधून,
कुणी सांगितलेलं नसताना.

आता संध्याकाळी ते खिडकीत उभे राहतात.
चहाच्या कपात काय आहे
आम्ही विचारत नाही.
खालून कुणी हाक मारली, "ओस्वाल्दो!"
की ओ देण्याआधी
माझ्याकडे बघतात.