यादीत नसलेला शब्द

घला कॅम्पातले तीस जण, तीन शुक्रवार.
स्मरणशक्तीच्या चाचणीला आले
ते लग्नाला यावं तसे,
आंघोळ करून, भांग पाडून.

रुवीतल्या भाड्याच्या जागेत, पलीकडच्या खोलीत
डॉक्टर शम्सा पन्नास बैशांचं नाणं उडवायच्या.
खंजीर वर आला, तर दहा मिनिटं घरी व्हिडिओ कॉल.
आकडा आला, तर दहा मिनिटं भिंत.
मग माझ्याकडे पंधरा शब्द, सगळ्यांना तेच.
कोण कुठून उठून आलाय ते मला कळता कामा नये.
प्रत्येक माणूस म्हणजे झाकली मूठ.
डोळे लाल दिसले, तरी अंदाज बांधायचा नाही.

फरक एकाच गोष्टीचा हवा, बाकी सगळं सारखं.
म्हणून साखर दीड चमचा, मोजून,
एसी चोवीसवर,
सूचना कागदावरून, हिंदीत, एका पट्टीत,
हसू न आणता.
दुसऱ्या शुक्रवारपर्यंत मीही
खोलीतली एक खुर्ची झाले होते.

त्याच दिवशी कळलं, दोन महिने पगार नाही.
डॉक्टरांनी विचारलं,
दोन्ही गटांना नाही ना?
मग चालेल.

सतरा नंबर माझी हिंदी ऐकून ओठांत हसला.
'तुमी खयच्या?'
कागदावर याचं उत्तर नव्हतं.
मी पुढची ओळ वाचली.
ताला. निंबू. चादर. सीटी.
तो शब्द ऐकत नव्हता,
दार उघडायची वाट बघावी
तसा माझ्या तोंडाकडे बघत होता.
आठव्या शब्दानंतर मी म्हटलं, 'चिपळूण.'
त्याच पट्टीत,
जणू तो नववाच.

पाच मिनिटांनी त्याने अकरा शब्द सांगितले.
ताला विसरला, चादर विसरला.
बारावा सांगताना जरा थांबला,
'आनी चिपळूण.
आमी दाभोळचे. पाणी तुमच्याकडनंच येतं.'

तक्त्यात एक रकाना असतो,
यादीत नसलेले शब्द.
तिथे मी एक लिहिला.
खाली लिहिलं, क्रमांक सतरा वगळावा.
कारण: प्रयोगकर्तीची चूक.

महिन्याने पाकिटं उघडली.
सतराचं नाणं आकड्यावर पडलं होतं.

एकोणतीस जणांचा निष्कर्ष छापून आला.
बरा होता.
कॅम्पात नंतर गेले, तर ती माणसं
दुसऱ्या साइटवर हलवलेली.
नावं माझ्याकडे नव्हतीच.

चहात मी अजून दीड चमचाच घालते,
मोजून.