कक्ष क्रमांक १२८

पालच्या विश्रामगृहामागून चढ सुरू होतो.
पुढे सुभान तडवी, खांद्यावर कोयता,
मागे मी, हातात घडीवर फाटलेलं टोपोशीट,
फैजपूरची, नव्या बुटांची,
सातपुडा म्हणजे केळीच्या बागांमागची निळी रेघ
एवढंच ठाऊक असलेली.

नकाशात रेषा जवळ आल्या की चढ,
लांब गेल्या की पठार.
पाय वेगळं वाचतात:
सुभान बोलायला लागला की पठार.

तो नकाशा बघत नाही.
अंजन संपून सालई लागली की म्हणतो, वर आलो.
वारूळ उकरलेलं दिसलं
की उगाच मोठ्यानं खोकतो,
अस्वलाला कळावं म्हणून.

बुरूज चौदा सापडला.
पंधरा सापडला, चुना उडालेला,
वर कुणीतरी मोहाची फुलं वाळत घातलेली.
सोळा नव्हता.
त्याचे तीन दगड खाली, नाल्याच्या वळणावर,
चुलीला लागले होते. राख अजून कोमट.
मी वहीत लिहिलं: बुरूज क्र. १६, दुरुस्ती आवश्यक.
सुभान म्हणाला, लिव्हा.
भाकर चांगली भाजली असंन.

धारेवर वारा होता.
‘अठी थुंकलं तं नर्मदेत,
अठी थुंकलं तं तापीत,’
तोंडात तंबाखू धरून तो म्हणाला
आणि कुठेच थुंकला नाही.

दक्षिणेला आमच्या बागांचे हिरवे तुकडे,
त्यांच्या पलीकडे तापी, शिवण सुटल्यासारखी.
उत्तरेला डोंगरामागे डोंगर,
माझा कागद पहिल्याच डोंगराच्या उतारावर संपलेला.

झरा मात्र कागदावर होता, निळा, ठसठशीत, अगदी पायाखाली.
पायाखाली सागाची वाळकी पानं
आणि साळिंदराचा एक काटा.
‘अठी पानी नाही, ताई. माह्या बापाच्या वक्ती व्हतं.’
तंबाखू मळलेला अंगठा त्यानं कागदावर टेकवला,
दोन रेषा खाली.
‘तठी.’

तिथे जांभळीच्या मुळात
खडकाला घाम आल्याइतकं पाणी.
एक बाटली भरायला अकरा मिनिटं.
घड्याळ लावून मोजली,
तोवर दोघंही गप्प.

सोमवारी नकाशा कार्यालयात परत दिला.
लिपिक म्हणाला, हा चुन्याचा डाग कसला?
राहू द्या, म्हटलं, पाणी आहे ते.
त्यानं कागद उचलून
मागून बोटानं चाचपला.
कोरडा होता.