काळा बॉल

खेळ नऊलाच संपला.
काळा बॉल भोकाच्या काठावर थांबला
आणि तिथून बोलणं सुरू झालं.

चिलवेरी म्हणतो, टेबलच उतरतंय अशोक चौकाकडे.
इरफान बागवान बशीत शेंगदाणे मांडतो :
पांढरा इथं, काळा हा,
आन् तू मारलास असा, येड्यासारखा.
मधेच एखादा बॉल खाऊन टाकतो.

मग कुणी सोळा वर्षांपूर्वीचा शॉट काढतं,
दर वेळी एक कुशन वाढलेला.
कुणी अडवत नाही.

मी खेळत नाही. चहाचे पैसे देतो, ऐकतो.

अंबादास, बारा तास मागावर उभा राहून आलेला,
खडूनं निळं झालेलं बोट पुसत
शेवटी एवढंच म्हणतो :
हात हलला बे माझा.

सगळे गप्प.
बाहेर रात्रपाळीचा खडखडाट.
इरफान पुन्हा शेंगदाणे मांडतो.