उत्तरेचा दरवाजा

पुस्तक शहाण्णव पानांचं. लिहिणारा कुठल्यातरी थंड गावचा.
छातीठोकपणे लिहितो :
‘यानंतर खेळाडू उत्तरेच्या दरवाजाने किल्ल्यात शिरतील.’
बाबा रे, तू आमच्या रेमंडला ओळखत नाहीस.
तो आधी गटार शोधेल,
मग पहारेकऱ्याला विचारेल, जेवलास काय?

मंगळवार. पतपेढी बंद करून आले तर
अर्ध्या वेंगुर्ल्यात वीज नाही.
मोबाइलची बॅटरी लोणच्याच्या बरणीला टेकवून
प्रकरण दोन तिसऱ्यांदा वाचतेय.
पहिल्यांदा वाचलं ते नुसतं गोष्टीसाठी.
दुसऱ्यांदा, कोण कुणाशी खोटं बोलतंय ते धरायला.
आता बघतेय कुठे फाटेल,
रापणीचं जाळं म्हातारे बोटं घालून तपासतात तसं.

सगळा बर्फच बर्फ या पुस्तकात.
मी बर्फ पाहिलाय तो बंदरावरच्या कारखान्यातला :
लाद्या, भुसा,
आणि टेम्पोमागे रस्त्यावर गळत गेलेली रेघ.
तोही चालेल. तिथला बाबल म्हणाला,
उघडा हात जास्त वेळ ठेवला तर कातडं चिकटतं.
समासात लिहून ठेवलं.
पाइनच्या जागी सुरू.
लांडग्यांचे कोल्हे करणार होते, पण तन्वीर हसेल.
सरदाराचं नाव जिभेवर बसेना,
म्हणून त्याला भिवा केला.
भिवाला कोण घाबरणार? खोडलं.
नाव सापडायचंय अजून.

चौकटीतला मजकूर म्हणे मोठ्याने वाचून दाखवायचा.
अकरा ओळी!
तिसरीला मिथिला चकलीचं पाकीट फोडेल.
मी ठेवले तीन शब्द :
धूर, कुत्रं, ओली पायरी.
बाकीचं त्या वेळी.

मामा दशावतारात राजा व्हायचा.
कागद कसला नि काय,
तोंडाला रंग लावता लावता नाईक सांगायचा,
आज अमुक आख्यान, तू शाप दे, तू तपाला बस,
आणि उजाडायच्या आत राक्षस मरायलाच हवा.
मधलं ज्याचं त्याने.
एकदा तळवड्याला राक्षस काही मरेना.
पोरगा नवा, टाळ्या मिळत होत्या, तीन वार झाले तरी उभा.
तेव्हा मामा त्याच राजाच्या आवाजात गरजला,
‘असुरा! टेम्पो इलो!’
ही तयारी माझ्या रक्तातली.
शहाण्णव पानं त्यावरची.

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर राक्षस उतरवले :
जीव किती, मार किती, घाबरला तर पळेल कुठे.
एका दैत्याच्या उलट बाजूला
‘आमच्या आत्तूच्या लग्नाला यायचं हं!’
काजूबिया म्हणजे शिपाई. चिंचोके लांडगे.
वीस बाजूंचा फासा एकच आहे,
तो तांदळाच्या डब्यात, भाचा येऊन जाईपर्यंत.

पान एकसष्ट.
तळघरातल्या पाण्यात बुडालेला खलाशी उठून बसतो
आणि भावाला नावाने हाक मारतो.
अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान.
वाचताना मीसुद्धा पाय वर घेतले.

तन्वीरच्या भावाची होडी
नारळी पौर्णिमेनंतर आठव्या दिवशी मिळाली.
होडी.

खोडलं तर खोडलेलं दिसतं.
साठ ते बासष्ट पानांना रबर लावून टाकलं.
तळघरात आता पाणी नाही.
एक कोरडी खोली आणि बंद पडलेलं घड्याळ.
ते तिथे का आहे, मला विचारू नका.
तेच कुणीतरी सांगतील मला, खेळता खेळता,
आणि मी मान डोलावेन, जणू आधीपासून ठरलेलं.

शनिवार, साडेसात. दारात चार चपलांचे जोड,
एक बूट, वाळूने भरलेला.
नकाशा उघडला. उत्तरेचा दरवाजा लाल शाईने केलेला,
आंधळ्यालाही दिसेल असा.
रेमंड वाकून बघतो. बराच वेळ बघतो.
‘ह्या किल्ल्यार जेवण कोण करता?’

पानं उलटते. मागची, पुढची, परिशिष्ट.
शहाण्णव पानांत आचारी नाही.

‘भिवा,’ मी म्हणते.