छिटाचा झगा

हेल्डुर सकाळी गिरमीट घेऊन समुद्रावर जातो.
बर्फाला भोक पाडतो, पट्टी बुडवतो,
आणि परत येऊन दारातूनच आकडा सांगतो.
मी तो वहीत मांडते.
अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस.
जानेवारीभर आमच्या घरात
याहून जास्त बोलणं झालं नाही.

बेटापासून पैलतीरापर्यंत बर्फावरून रस्ता आहे,
कडेनं ज्युनिपरच्या फांद्या रोवलेल्या.
गाडीत पट्टा बांधायचा नाही, असा तिथला नियम:
बर्फ फुटलंच तर उडी मारता यावी.
लग्नाच्या वेळी आम्हाला असलं काही
कुणी सांगितलं नव्हतं.

आज एकोणतीस म्हणाला
आणि बूट न काढताच खुर्चीत बसला.
"उद्यापासून गाड्या बंद."
मी मान हलवली. वहीत मांडलं.
मनात मात्र कुणीतरी टाचेनं ठेका धरला.

कारण मला आधीच कळलं होतं.
मंगळवारी ऊन तिसऱ्या फळीवर चढलं,
लिंगनबेरीच्या बरण्यांपर्यंत,
जिथे ते नोव्हेंबरपासून फिरकलं नव्हतं,
आणि आल्या आल्या त्यानं काय केलं,
तर माझी चार महिन्यांची धूळ दाखवली.
मी फडकं घेतलं नाही. बघत बसले.

बुधवारी सफरचंदाच्या बुंध्याभोवती
बर्फ बोटभर मागे सरकलं,
झोपेत कुणी पांघरूण ढकलावं तसं.
त्या फटीत गेल्या वर्षीचं गवत होतं,
चपटं, पिवळं, निजून निजून विस्कटलेलं.
मी हातमोजा काढून बोट घातलं.
गार होतं. पण नखात माती आली.
रात्रीपर्यंत मी ते नख धुतलं नाही.

गोठ्याच्या दक्षिणेकडची पन्हळ
दुपारी दोनला ठिबकू लागते, तीनला थांबते.
सरकारी कचेरीसारखा कारभार,
पण कचेरी उघडली आहे.

आणि काल टपालपेटीच्या खांबावर
पिवळ्या पोटाचं, काळ्या टोपीचं ते पाखरू.
हिवाळाभर चरबीच्या गोळ्यावरून भांडत होतं,
काल एकदम सूर बदलला.
आमच्याकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या सांगतात
की ते ओरडतं: छिटाचा झगा! छिटाचा झगा!
लोकर उतरवा गं, छिटाचा झगा काढा!
अरे लबाडा, म्हटलं, अजून उणे सहा आहे.
छिटाचा झगा, ते म्हणालं.

दुकानात सगळ्यांचे चेहरे पडलेले.
आस्ताची नात रविवारी येणार होती,
ओस्करची दाढ ठणकते आहे
आणि दंतवैद्य पैलतीरी.
होडीला पाणी मोकळं व्हायला तीन आठवडे.
तोवर ना चाकं, ना वल्ही,
तोवर आम्ही कुणाचेच नसतो.
मीही च्यक् च्यक् केलं, पीठ घेतलं, निघाले.
त्या तीन आठवड्यांचीच मी वाट बघते,
हे या बेटावर कुणाला सांगायची सोय नाही.

रात्री पेटी उपसली.
तळाशी सापडला: निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा,
कापराचा वास मारणारा.
स्वेटरवरूनच चढवला. काखेत अडकला.
मागची दोन बटणं लागलीच नाहीत.
तशीच स्वयंपाकघरात गेले.

हेल्डुर वहीवर वाकलेला.
चष्म्यावरून पाहिलं त्यानं. बराच वेळ.
मग म्हणाला, "दार लाव. गारवा येतो."
मी दार लावलं.
पाठीमागे पेन्सिल खरखरली,
त्याच्या हातात पेन्सिल, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी वही उघडली.
एकोणतीस. आणि शेजारी, त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात:
निळा.

बाहेर नवं बर्फ पडत होतं, भरपूर, गुडघाभर पडेल असं,
सफरचंदाची फट बुजली होती,
आणि खांबावर ते खोटारडं पाखरू
त्याच दोन शब्दांवर अडून बसलं होतं.